दर्यापूर रस्त्याची डावी खिडकी

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला आरोपी कुठल्या ठाण्यातला हे सांगताना मी हल्ली चुकतो. पण दर्यापूर रस्त्यावरच्या त्या फाट्याचं प्रकरण जसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहतं, आणि गेल्या हिवाळ्यापासून जरा जास्तच. गेल्या हिवाळ्यात माझी पत्नी गेली. घरात आता बोलणं कमी आणि वेळ पुष्कळ आहे. तिच्या आजारपणात वाचायची राहिलेली पुस्तकं उघडतो, दोन पानं होतात, आणि मन त्या फाट्यावर जाऊन थांबतं. म्हणून एकदाचं लिहून काढतो आहे. नावं कुणाचीच देणार नाही. त्यातल्या मंत्र्यांचं खातं आणि गावाचं नाव कळून वाचकांना काही फायदा नाही.

तेव्हा मी अमरावतीला जिल्हा विशेष शाखेत पोलीस निरीक्षक होतो. ही शाखा चोर पकडणारी नव्हे. मोर्चे, सभा, दौरे यांची माहिती आधी काढायची आणि वरिष्ठांना कळवायची, हे तिचं काम. त्याच्या जोडीला चारित्र्य पडताळणी. आमच्या भागातले एक आमदार मंत्री झाले आणि त्यांचं संपर्क कार्यालय अमरावतीत सुरू झालं, तेव्हा तिथं नेमल्या जाणाऱ्या प्रत्येक माणसाची पडताळणी माझ्याकडे आली. स्वीय सहायक, लिपिक, वाहनचालक, शिपाई, सगळ्यांची. मूळ गावच्या ठाण्यातला अभिलेख तपासायचा, शेजारीपाजारी विचारायचं, कुणाशी वैर आहे का, कुठल्या संघटनेत ऊठबस आहे का, मोबाईलवर काय लिहितो, हे सगळं पाहून अहवाल द्यायचा. मंत्र्यांच्या जवळ वावरणारा माणूस वाईट नसला तरी सैल असू शकतो, आणि आमच्या कामात सैल माणूसही धोक्याचाच.

स्वीय सहायक म्हणून निवडलेला माणूस पस्तिशीच्या आतबाहेरचा होता. दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यातल्या बौद्ध कुटुंबातला. वडील लहानपणीच गेलेले, आईनं मजुरी करून शिकवलेलं. स्पर्धा परीक्षा देऊन सरकारी नोकरीत लागला आणि तिथून मंत्र्यांच्या कार्यालयात उसनवारीवर आला. त्याच्या गावी मी माझ्या हवालदाराला पाठवलं होतं. हा हवालदार अचलपूरचा, तोंडानं फटकळ आणि कामाला पक्का. परत येऊन माझ्या टेबलासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, या मानसाच्या नावानं अख्ख्या गावात एक शिवी बी सापडली नाई. मले तं याचाच संशय येऊन राहिला."

मी अहवालावर 'प्रतिकूल काही आढळून आले नाही' असं लिहून सही केली.

रुजू होण्याआधी सगळ्या कर्मचाऱ्यांना एकत्र बसवून मी सुरक्षेच्या सूचना वाचून दाखवल्या. दौऱ्याचा मार्ग आणि वेळ कार्यालयाबाहेर कुणाला सांगायची नाही. ताफ्यातल्या गाडीत बसल्यावर फोन करायचा नाही, फोटो टाकायचे नाहीत. गाडीची काच खाली करायची नाही. घरी जाण्यायेण्याचा रस्ता अधूनमधून बदलायचा. लोकांना वाटतं हे सगळं मंत्र्यांसाठी असतं. पण ताफ्यावर काही आलं तर ते आधी मागच्यापुढच्या गाड्यांवर येतं, आणि त्यात हीच माणसं बसलेली असतात. सूचना त्यांच्या जिवासाठीही असतात.

"घरच्यांनाही सांगायचं नाही," असं मी म्हणालो तेव्हा एक वाहनचालक मागून बोलला, "साहेब, मंत्र्याले नाई सांगतलं तं चालन, पन बायकोले नाई सांगतलं तं जेवाले कोन देईन?"

सगळे हसले. स्वीय सहायक हसला नाही. त्यानं हात वर केला आणि विचारलं, "सर, घरच्यांना म्हणजे आईलाही?"

"आईलाही," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. त्या वेळी मला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं.

मंत्र्यांना अमरावतीहून अकोल्याला वरचेवर जावं लागे. बैठका असत, कृषी विद्यापीठात कार्यक्रम असत. जायला दोन रस्ते. एक मूर्तिजापूरवरून मोठा महामार्ग, दुसरा दर्यापूरवरून. कुठल्या रस्त्यानं जायचं ते सुरक्षा अधिकारी त्याच दिवशी सकाळी ठरवत आणि मोजक्याच माणसांना सांगत. ताफ्याच्या पुढे धावणाऱ्या पायलट गाडीचा चालक, नियंत्रण कक्ष आणि स्वीय सहायक. स्वीय सहायकाला सांगावंच लागे, कारण वाटेतल्या भेटीगाठी तो जुळवायचा.

दर्यापूरचा भाग खारपाणपट्ट्यातला. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. गोड पाण्याची नळयोजना मंजूर होऊन रखडलेली होती आणि त्या रस्त्यावरची गावं चिडलेली होती. ताफा तिथून गेला की एका फाट्याच्या थोडं पुढे माणसं काळे झेंडे घेऊन उभी असत. लोकशाहीत झेंडे दाखवण्याबद्दल आमची तक्रार नसते. आम्हाला खटकत होतं ते वेगळंच. ताफा महामार्गानं गेला त्या दिवशी तिथं चिटपाखरूही नसे, आणि दर्यापूरवरून निघाला की माणसं हजर. ती कधीही फुकट जमली नाहीत. सकाळी बंद खोलीत ठरलेली गोष्ट पन्नास-साठ किलोमीटरवरच्या फाट्यावर ताफ्याच्या आधी पोचत होती.

मग एका दौऱ्यात दगड आला. पायलट गाडीची समोरची काच फुटली. चालक पोलीस शिपायाच्या भुवईत काच घुसली. डोळा थोडक्यात वाचला. तशा अवस्थेतही त्यानं गाडी रस्त्यावर धरून ठेवली, नाहीतर मागच्या गाड्या त्याच्यावर आदळल्या असत्या.

दगड मारणारा दोन दिवसांत सापडला आणि त्याच्यावर रीतसर गुन्हा दाखल झाला. तो भाग स्थानिक ठाण्याचा. माझ्याकडे प्रश्न राहिला तो बातमी फुटण्याचा. त्याच आठवड्यात माझ्या एका जुन्या बातमीदाराचा फोन आला. त्याचं त्या रस्त्यावर पंक्चर काढायचं दुकान होतं.

"साहेब, त्या लोकायले सकाळीच समजते," तो म्हणाला.

"कुणाकडून?"

"ते काई कोनी सांगत नाई. पन मंत्र्याच्या बंगल्यातूनच बातमी येते म्हनतात. लेक आपल्याच गावचा हाये, असं बोलून राहिले होते."

आमच्या पोलीस अधीक्षक एक बाई होत्या. कमी बोलणाऱ्या. त्यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांची फेरपडताळणी करायला सांगितलं आणि वर म्हणाल्या, "तुमच्याच सहीनं आत गेलेली माणसं आहेत. तुम्हीच पाहा."

मी पुढच्या दौऱ्यात कर्मचाऱ्यांच्या गाडीत बसायचं ठरवलं. खोलीत बसून माणूस जेवढा कळतो त्यापेक्षा प्रवासात जास्त कळतो. त्या दिवशी दर्यापूरचा रस्ता ठरला होता. स्वीय सहायक चालकाच्या शेजारी, डाव्या खिडकीशी बसला. मी मागे. फायली मांडीवर, चष्मा नाकावर, दर्यापूरपर्यंत त्यानं मान वर केली नाही. दर्यापूर मागे पडलं तसं त्यानं फायली मिटल्या, चष्मा काढून रुमालानं पुसला आणि पुन्हा घातला. एक फाटा जवळ आला तेव्हा त्यानं काच खाली केली. पूर्ण नाही, अर्धी. बाहेरून गरम वारा आत आला. त्यानं हाताचा पंजा काचेच्या कडेवर ठेवला. हात हलवला नाही, मान वळवली नाही. फाटा मागे गेला आणि काच वर गेली.

फाट्यावर एक निंबाचं झाड होतं. झाडाखाली हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी उभी होती. मला ती दिसली, पण मी तिला पाहिलं असं म्हणता येणार नाही. माझं लक्ष पुढच्या काळ्या झेंड्यांकडे होतं. त्या दिवशी बंदोबस्त मोठा होता. घोषणा झाल्या, दगड आला नाही.

परत येताना त्यानं पुढची जागा लिपिकाला दिली आणि स्वतः चालकाच्या मागे, उजव्या खिडकीशी बसला. नंतर चालकाला एकट्याला गाठून सहज विचारलं.

"दर्यापूरवरून गेलो का त्यायचं असंच असते, साहेब. जाताना डावी, येताना उजवी," तो म्हणाला. "हायवेनं गेलं तं मधात बसून बी झोपते."

मी स्वीय सहायकाच्या मोबाईलच्या कॉलची नोंद मागवली. पोलीस खात्यात अलीकडे ही नोंद म्हणजे सगळ्या कोड्यांची किल्ली समजतात. ती किल्ली असते खरी, पण बहुतेक वेळा भलत्याच कुलुपाची. नोंदीत एक क्रमांक वारंवार होता. रविवारी लांबलचक बोलणं. आणि कामाच्या दिवशी, फक्त दर्यापूरच्या दौऱ्याच्या सकाळी, काही सेकंदांचा फोन. क्रमांक त्या फाट्याजवळच्या गावातला होता.

मी त्याला माझ्या खोलीत बोलावलं. चौकशी म्हणजे टेबलावर आपटलेली मूठ अशी लोकांची समजूत आहे. मी तीस वर्षांत क्वचितच मूठ आपटली असेल. माणसाला चहा द्यावा, खुर्ची द्यावी आणि प्रश्न विचारून थोडा वेळ गप्प राहावं. गप्प बसणं माणसांना सहन होत नाही. हवालदार दाराशी उभा होता.

"हा क्रमांक कुणाचा?" मी विचारलं.

त्यानं कागदाकडे पाहिलं. "आईचा, सर."

"दौऱ्याच्या सकाळी फोन करता. काय बोलता?"

"जेवलीस का, एवढंच विचारतो."

"सकाळी आठ वाजता?"

त्यानं चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"म्हणजे तुमचा फोन आला की आईला कळतं की आज तुम्ही त्या रस्त्यानं जाणार."

मग त्यानं मान हलवली.

"ती पुढे कुणाला सांगते?"

"ती कुणाला सांगणार नाही."

"तुमच्या आईनं सांगितलं नाही तर गावाला कसं कळतं?"

त्यावर तो एकदम ताठ बसला. त्याचा आवाज बदलला. "मीच सांगितलं, सर. लिहून घ्या. चूक माझी आहे."

"कुणाला सांगितलं?"

"गावातल्या लोकांना."

"नाव सांगा."

"आठवत नाही."

"फोनवर सांगितलं? नोंदीत तर दुसरा क्रमांकच नाही."

"प्रत्यक्ष भेटून सांगितलं."

"त्याच दिवशी सकाळी, अमरावतीत बसून?"

दाराशी उभा हवालदार न राहवून बोलला, "सर, तुमाले खोटं बोलता येत नाई, तं काहून हाल करून राहिले स्वतःचे?"

खोटं बोलणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. गुन्हा लपवणारा तपशील जास्त देतो. दुसऱ्याला वाचवण्यासाठी गुन्हा अंगावर घेणाऱ्याकडे तपशीलच नसतो. या माणसाची नोकरी जाणार होती. कदाचित दगडाच्या गुन्ह्यात सहआरोपी म्हणून नाव आलं असतं. हे सगळं त्याला माझ्याइतकंच कळत होतं, तरी तो सही करायला तयार होता.

"सर, एक विनंती आहे," तो म्हणाला. "आईला ठाण्यात बोलावू नका. तिनं आयुष्यात ठाण्याची पायरी चढलेली नाही. बाकी तुम्ही लिहाल तिथं मी सही करतो."

मी काहीच लिहिलं नाही. त्याला घरी पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत, शेअर जीपमध्ये बसून त्याच्या गावी गेलो.

घर लहान होतं, सारवलेलं. बुद्धाची छोटी मूर्ती, तिच्यासमोर ताजी फुलं. म्हातारीनं दारातच "जय भीम" म्हणून आत बोलावलं. मी पोलीस खात्यातला आहे हे आधीच सांगून टाकलं. आडून विचारलेलं म्हाताऱ्या माणसांना लगेच कळतं. तिच्या हातातला पेला जागीच थांबला.

"पोराले काई झालं का?"

"नाही. तो बरा आहे. मला तुमच्याशीच बोलायचं होतं."

मग तिनं माठातलं पाणी पेल्यात ओतलं आणि माझ्या हातात दिलं. "गोड पानी हाये, प्या. टँकरचं हाये." त्या गावात पाहुण्याला गोड पाणी देणं म्हणजे काय, ते खारपाणपट्ट्यातल्या माणसालाच कळेल.

"तो तुम्हाला कामाच्या दिवशी सकाळी फोन करतो?" मी विचारलं.

"करते कधी कधी."

"काय म्हणतो?"

"माय, जेवली काय म्हनते."

"आणि मग?"

"मंग काय. लुगडं बदलून फाट्यावर."

"जाताना कुणाला सांगता?"

ती माझ्याकडे अशी पाहू लागली की जणू मीच काहीतरी गैर विचारलं. "कोनालेच नाई, सायेब. त्यानं बजावलं हाये मले. माय, हे कोनाले सांगाचं नाई, माही नोकरी जाईन म्हने. शेजारीन इचारते, कुठी चालली वो एवढी नटून? तिले बी सांगतो, कुठीच नाई. म्या सख्ख्या भावाले नाई सांगतलं." हे सांगताना तिच्या आवाजात अभिमान होता. लेकानं तिला सरकारचं एक गुपित सांभाळायला दिलं होतं आणि तिनं ते सांभाळलं होतं.

"फाट्यावर काय करता?"

"पाहतो त्याले."

"बोलणं होतं का?"

"गाडी थांबते काय, बापा? फुर्रकन जाते. पन तो काच खाली करते. हात ठेवते असा." तिनं हवेत पंजा ठेवून दाखवला. अगदी तसाच.

मी तिथून उठलो आणि फाट्यावर आलो. निंबाच्या झाडासमोर एक चहाचं दुकान होतं. मालक भजी तळत होता, दोघे-तिघे बाकावर बसले होते. मी चहा घेतला आणि झेंड्यांचा विषय काढला. तिथं मला फार काही काढावं लागलं नाही. झेंडे दाखवणारी माणसं हीच होती आणि त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं.

"पण मंत्री याच रस्त्यानं येणार हे तुम्हाला कळतं कसं?" मी विचारलं.

मालकानं झारा कढईवर आपटला. "सांगाले कोन पायजे, साहेब? म्हातारी हिरवं लुगडं नेसून निंबाखाली बसली की समजाचं, आज इथूनच हाये."

"ती एसटीची वाट पाहत असेल."

"त्या टायमाले एक बी यष्टी नाई. अन् आली तरी ते बसत नाई, तोंड फिरवून घेते." बाकावरचा एकजण हसला. मालक पुढे म्हणाला, "एवढ्या उन्हात मानूस बिनकामाचं काहून बसन? एकच काम हाये तिले. लेक जानार असन."

"तिला माहीत आहे, की तिच्यावरून तुम्हाला कळतं?"

"छ्या. सांगतलं तं ते येनं बंद करन ना."

बाकावरचा म्हणाला, "दगड आमी नाई मारला, हां. झेंडे आमचे. दगड त्या पोट्ट्याचा."

"अन् हे बी लिहून घ्या," मालक म्हणाला, "तिले पानी आमीच नेऊन देतो. सकाळी नऊपासून बसते ते, गाड्या येतात दुपारी. आमी नाई पाहिलं तं ते तिथंच पडन."

मी चहाचे पैसे दिले. त्यानं घेतले नाहीत. मी पोलीस आहे हे त्याला आधीपासूनच कळलं होतं, बहुधा बुटांवरून.

बातमी कुणीच फोडलेली नव्हती. लेकानं आईला फक्त जेवलीस का विचारलं होतं. आई कुणाशी चकार शब्द बोलली नव्हती. आणि तरीही ताफ्याचा मार्ग सगळ्या गावाला माहीत होता. माझ्या सूचनांच्या कागदात फोनबद्दल होतं, फोटोंबद्दल होतं. झाडाखाली बसलेल्या माणसाबद्दल काही नव्हतं.

अमरावतीला परतल्यावर मी त्याला पुन्हा बोलावलं आणि सगळं सांगितलं. आईनं कुणाला काहीही सांगितलं नाही, हे ऐकून त्याचे खांदे सैल झाले. मग मी झाडाचं, लुगड्याचं, चहाच्या दुकानाचं सांगितलं. नोकरीबद्दल त्यानं काही विचारलं नाही. त्यानं विचारलं ते एवढंच.

"किती वेळ बसते, सर?"

"तुमचा फोन आल्यापासून."

त्याला वाटत होतं की सायरन ऐकू आला की ती घरातून निघत असेल. घर फाट्यापासून जवळच होतं. ती सकाळपासून तिथं बसते हे त्याला माहीत नव्हतं, तिनं कधी सांगितलं नव्हतं. त्यानं चष्मा काढला आणि पुसायला रुमाल शोधू लागला. हवालदार खोलीबाहेर निघून गेला. असल्या वेळी त्याला बाहेर काहीतरी काम आठवत असे.

अहवालात मी जे घडलं ते लिहिलं. हेतू नाही, लाभ नाही, कुठल्याही गटाशी संबंध नाही. सूचनेचा भंग मात्र आहे, आणि त्याचा परिणाम एका शिपायाच्या भुवईवर टाके पडण्यात झाला आहे. अधीक्षक बाईंनी अहवाल वाचून ठेवला. त्या म्हणाल्या, "पडताळणी कायम ठेवा. पण दौऱ्यावर हा माणूस नको." तो निर्णय बरोबर होता. आजही मला तो बरोबरच वाटतो. त्याआधीच स्वीय सहायकानं स्वतः अर्ज केला होता की मला मूळ खात्यात परत पाठवावं. त्याची बदली अकोल्याला झाली. जाण्याआधी तो त्या जखमी चालकाच्या घरी जाऊन आला, हे मला नंतर कळलं.

"आईला कोण सांगणार?" मी त्याला विचारलं होतं.

"माझ्यानं होणार नाही, सर," तो म्हणाला.

म्हणून मीच गेलो. गावानं तिच्यावरून काय ओळखलं होतं, ते मी तिला सांगितलं नाही. लेकाची बदली झाली, आता तो ताफ्यात नसेल, फाट्यावर यायचं कारण नाही, एवढंच म्हणालो.

"दर रविवारी घरी येईल ना आता," मी म्हणालो. "अकोला जवळ आहे."

"येईन तो," ती म्हणाली. "घरी येते तवा तो माहा लेक असते, सायेब. खाते, झोपते, मले बोलते. पन त्या गाडीत जाते तवा तो सायेब असते. त्याच्या बापानं असं कोनाले गाडीत पाहिलं नाई. मले ते पाहाचं रायते."

निघताना तिनं पुन्हा गोड पाणी दिलं. मी पेला खाली ठेवला तेव्हा तिनं विचारलं, "तुमी कोनत्या गाडीत बसता?"

"मागच्या."

"तुमाले पाहाले कोन येते?"

"घरी वाट पाहतात," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा पत्नी नेहमीप्रमाणे गॅलरीत होती. माझ्या नोकरीबद्दल घरी बोलायचं नाही हा माझा नियम होता, आणि तिनं तो कधी मोडायला लावला नाही. कुठं निघालात, केव्हा येणार, हे तिनं कधी विचारलं नाही. त्या दिवशी मात्र मी नावं गाळून तिला ही सगळी हकीकत सांगितली. ती ऐकून हसली.

"तुम्हाला काय वाटतं, मला काही कळत नव्हतं?" ती म्हणाली. "काळे बूट पॉलिश केले की कोर्ट. तपकिरी घातले की गावाकडचा बंदोबस्त. आणि बूट दारात ठेवून उगाच घरात दोन चकरा मारल्या की काहीतरी वाईट आहे. त्या दिवशी मी देवासमोर दिवा दुपारपर्यंत ठेवायची."

इतकी वर्षं मी गुपित सांभाळत होतो आणि ती ते बुटांवरून वाचत होती.

त्या प्रकरणानंतर मी एक गोष्ट बदलली. मंत्र्यांच्या कार्यालयात किंवा बंदोबस्तात नेमल्या जाणाऱ्या माणसांना सूचना वाचून दाखवताना मी त्यांच्या घरच्यांनाही बोलावू लागलो. आई, वडील, बायको, नवरा, जे कुणी वाट पाहणारं असेल ते. चहा द्यायचा आणि त्यांना सांगायचं की तुमचं माणूस कुठं जातं हे तुम्हाला कळतंच, आम्ही लपवून उपयोग नाही. फक्त ते तुमच्या अंगावर दिसू देऊ नका. नेहमीच्या वेळी, नेहमीच्या कपड्यांत राहा. काहींना हे विचित्र वाटलं. एक तरुण बायको मात्र पटकन म्हणाली, "म्हणजे आम्ही खिडकीत उभं राहायचं नाही?" मी म्हणालो, "राहा. पण रोज राहा." एवढंच मी त्या प्रकरणातून शिकलो. पडताळणीच्या नमुन्यात माणसाचं वैर विचारतात, कर्ज विचारतात, संगत विचारतात. त्याची वाट कोण पाहतं ते विचारत नाहीत. जिवाला धोका किती आहे, याचं अर्धं उत्तर तिथं असतं.

ती म्हातारी मागेच गेली. तिचा लेक अकोल्यातच स्थायिक झाला आहे, त्याचा अधूनमधून फोन येतो. पत्नी गेली तेव्हा तो आला होता. जाताना म्हणाला, "सर, जेवत जा वेळेवर."

माझी मुलगीही अकोल्याला असते. तिच्याकडे जाताना मी महामार्गाची बस घेत नाही. दर्यापूरवरून जाणारी घेतो. वेळ जास्त लागतो, पण मला घाई कसली. डाव्या बाजूची खिडकी मिळाली तर बरं वाटतं. फाट्यावर निंबाचं झाड अजून आहे, त्याखाली आता सिमेंटचा प्रवासी निवारा झाला आहे. रस्त्याकडेनं नळयोजनेची पाइपलाइनही गेली आहे. बस तिथं थांबत नाही. मी काच सरकवतो, हात कडेवर ठेवतो, आणि फाटा मागे गेला की काढून घेतो.

परत येताना तीच बस, फक्त खिडकी उजवी. अमरावतीला उतरून घराच्या फाटकाशी पोचलो की अजूनही आधी वर गॅलरीकडे पाहतो. मग खिशातून किल्ली काढतो.